उंची तशीच, चाकोरी रुंद

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून मडगार्डच्या काठावरून ओळंबा सोडला होता. ओळंबा गवंड्याचाच, पितळी, घराचे काम चालू असताना घेतलेला. दोरा स्थिर व्हायला मिनिटभर लागले. मग दोरा आणि टायरची सर्वांत फुगीर बाजू यांच्यामध्ये पोलादी पट्टी आडवी धरून मी अंतर मोजले. मागे २७ मिलिमीटर आणि पुढे १९ मिलिमीटर भरले. म्हणजे मागची चाके पत्र्याच्या कडेपासून इंचभराहून थोडी जास्तच आत उभी होती, आणि गेली नऊ वर्षे गाडीकडे मागून पाहताना मला जे खटकत होते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा एक आकडा मिळाला.

गाडी २०१५ची फोक्सवॅगन पोलो, दीड लिटर डिझेलची. भारतात २०१० ते २०२२ या काळात विकली गेलेली ही गाडी चाकणच्या कारखान्यात तयार होत असे. मी भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात काम करतो, त्यामुळे आपल्याच परिसरात बनलेली वस्तू म्हणून तिच्याबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे. मूळ जर्मन आराखड्यातली ही गाडी आपल्याकडच्या रस्त्यांसाठी उंच करण्यात आली. तळापासून जमिनीपर्यंत सुमारे १६५ मिलिमीटर मोकळी जागा तिला मिळाली, आणि त्या उंचीची खूण चाकाच्या वर दिसणाऱ्या मोठ्या पोकळीत राहून गेली. चाक त्या कमानीत वरूनही सुटलेले दिसते आणि बाजूनेही आत बुडालेले दिसते. ज्यांना हे खटकते ते बहुधा दोन्ही गोष्टी एकदम करतात. आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली घेतात आणि हब (गाडीचा ज्या फिरत्या भागावर चाक बोल्टांनी बसते तो) व चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची चकती, म्हणजे स्पेसर, घालून चाके बाहेर आणतात.

गाडी खाली घेणे मला शक्य नव्हते. आमचे गावाकडचे घर दापोलीच्या बाजूला आहे. मुख्य रस्ता सोडल्यावर शेवटचे पाऊण किलोमीटर जांभ्याची पाणंद आहे, आणि तिच्या मधोमध गवत व दगड यांचा एक उंचवटा राहून गेला आहे. आज आहे त्या उंचीवर इंजिनाचे तळ त्यावरून चार बोटे सुटते. गाडी तीस मिलिमीटर खाली आली असती तर दर खेपेला तेलाच्या टाकीची काळजी करत जावे लागले असते. शिवाय आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, आणि मागच्या आसनावर बसताना तिला गुडघे जितके कमी वाकवावे लागतील तितके बरे. तेव्हा मी असे ठरवले की उंचीला हात लावायचा नाही, फक्त रुंदी वाढवायची. त्या निर्णयामागे एक समजूत होती, आणि तिच्यामुळेच मी हे लिहायला बसलो आहे. सस्पेन्शनला हात लावला नाही म्हणजे गाडीच्या वागण्यात काही बदलणार नाही, स्पेसर हा फक्त दिसण्याचा विषय राहील, असे मला मनापासून वाटत होते.

स्पेसर काय करतो हे सांगायला एका आकड्याची गरज पडते. चाक काढून आतल्या बाजूने पाहिले तर तिथे ‘ईटी’ ही अक्षरे आणि पुढे एक संख्या कोरलेली असते. माझ्या चाकांवर ४० होती. ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचे ते संक्षिप्त रूप. चाकाच्या रुंदीची नेमकी मध्यरेषा आणि हबवर टेकणारा चाकाचा पृष्ठभाग यांच्यातले अंतर म्हणजे ही संख्या. ४० असेल तर चाकाचा टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेपासून ४० मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, आणि म्हणून चाकाचा बराचसा भाग आत, ब्रेकवर टोपीसारखा बसतो. पंधरा मिलिमीटरची चकती घातली की ४० चे २५ होतात, चाक तेवढेच बाहेर येते, आणि दोन्ही बाजू मिळून चाकांमधले अंतर तीस मिलिमीटरने वाढते. या अंतराला मी मनातल्या मनात चाकोरी म्हणतो. बैलगाडीच्या दोन चाकांनी रस्त्यावर कोरलेल्या जोड-रेषेला आपल्याकडे हा शब्द होता. गावातल्या सगळ्या गाड्यांची चाके सारख्याच अंतरावर असावी लागत, कारण वेगळ्या अंतराच्या गाडीला ती वाट चालूच देत नसे. आता या शब्दाचा अर्थ नुसता नित्यक्रम एवढाच उरला आहे, याची मला खंत वाटते. आमच्या पाणंदीत मात्र चाकोरी अजून शब्दशः आहे.

पहिली जोडी मी इंटरनेटवरून मागवली. दिसायला सुंदर, काळ्या रंगाची, कडा चकचकीत. सवयीने ती कामावर नेली आणि जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीच्या अगदी सपाट पाटावर, ठेवून बारीक फरक दाखवणारा डायल तिच्यावरून फिरवला. एका चकतीच्या जाडीत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ०.२ मिलिमीटरचा फरक निघाला. हा फरक नगण्य वाटतो, पण चकती साधारण १४५ मिलिमीटर व्यासाची आणि रिम ३८१ मिलिमीटरची, तेव्हा रिमच्या कडेपर्यंत जाताना तोच फरक अर्ध्या मिलिमीटरहून अधिक होतो आणि चाक दर फेऱ्याला तेवढे डुलते. दुसरा दोष त्याहून मोठा होता. पोलोच्या हबच्या मध्यभागी ५७.१ मिलिमीटर व्यासाची एक कॉलर उठून आलेली असते आणि चाकाचे मधले भोक तिच्यावर घट्ट बसते, त्यामुळेच चाक केंद्रात येते. या चकत्यांचे भोक ५७.६ भरले. एवढ्या सैल भोकात चकती पाव मिलिमीटर कुठेही सरकून बसू शकते, आणि मग बोल्ट कितीही काळजीने आवळले तरी चाक केंद्रात येईलच याची खात्री उरत नाही. मी ती जोडी परत पाठवली आणि तिप्पट दराने चार चकत्या दुसऱ्या आणल्या. त्यांचे भोक नीट होते, बाहेरच्या बाजूला प्रत्येकीची स्वतःची ५७.१ची कॉलर होती, आणि चारही चकत्यांच्या जाडीतला फरक शंभरांश मिलिमीटरच्या दोन-तीन घरांत होता. मागे १५ आणि पुढे १२ मिलिमीटर असे ठरले. याहून पातळ चकतीची एक अडचण असते. आठ-दहा मिलिमीटर जाडीची चकती हबची कॉलर जवळजवळ झाकून टाकते, आणि स्वतःची कॉलर काढायला तिच्यात पुरेसे मांस नसते. त्यामुळे दिसायला निरुपद्रवी असलेली हीच जाडी केंद्र राखण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड ठरते.

चाक गाडीला नेमके कशाने धरून राहते, याचा विचार मी त्याआधी केलाच नव्हता. मला वाटे की पाच बोल्ट खुंट्यांसारखे गाडीचे वजन पेलतात. प्रत्यक्षात बोल्टांचे काम चाक हबवर दाबून धरण्याचे असते, आणि वजन, ब्रेक, वळण हे सगळे पेलते ते दोन पृष्ठभागांमधले घर्षण. पोलोचे बोल्ट १४ मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि ते १२० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात. ढोबळ हिशेब केला तर एकेक बोल्ट सुमारे चार टनांनी दाबतो, पाच मिळून वीस टन, आणि बारा-साडेबारा क्विंटलची ती गाडी या दाबाच्या आधारावर धावते. स्पेसर घातला की हब आणि चाक यांच्यातल्या एका जोडाच्या जागी दोन जोड येतात, आणि दोन्ही तितकेच सपाट, तितकेच स्वच्छ असावे लागतात. हबवर गंजाचा एक पापुद्रा राहिला किंवा चाकाच्या टेकणाऱ्या भागावर रंगाचा जाड थर असला तर तो दाबाखाली हळूहळू चेपतो, बोल्टातला ताण तेवढा उतरतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणूनच शंभरेक किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, तपासायचे असतात. हे काम मी जितक्या गाडीवाल्यांना विचारले त्यांतल्या फारच थोड्यांनी केले होते, आणि याचे मला खरोखर भय वाटते.

बोल्टांचा विषय इथे संपत नाही. पंधरा मिलिमीटर जाडी वाढली की बोल्टही पंधरा मिलिमीटरने लांब हवा, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. मूळ बोल्टाचा दांडा २७ मिलिमीटरचा, तेव्हा मागे ४२ चा आणि पुढे ३९-४० चा. आखूड पडला तर आटे पुरेसे धरत नाहीत. बोल्टाच्या व्यासाइतकी लांबी तरी आत गेली पाहिजे, म्हणजे दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर नऊ-साडेनऊ पूर्ण फेरे हाताला मोजता आले पाहिजेत. लांब पडला तर तो हबच्या पलीकडे डोकावतो, आणि या गाडीला मागे ड्रम ब्रेक असल्यामुळे आतल्या ब्रेकच्या भागांना घासू शकतो. त्याहूनही सहज नजरेआड होणारी गोष्ट म्हणजे बोल्टाच्या डोक्याखालचा आकार. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांत तो गोलाकार, चेंडूच्या पोटासारखा असतो, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय चाकांना शंकूच्या आकाराचा बोल्ट लागतो. गोल खळग्यात शंकू बसवला तर तो वरवर घट्ट होतो, पाना ‘टक्’ असा आवाजही देतो, पण प्रत्यक्षात तो एका बारीक वर्तुळाकार रेषेवर टेकलेला असतो. दुकानदाराने मला आधी शंकूचेच बोल्ट दिले होते. ‘साहेब, सगळे हेच लावतात,’ असे तो म्हणाला. मी एका बोल्टाला निळी शाई लावून चाकाच्या खळग्यात फिरवला आणि उमटलेली रेषा त्याला दाखवली. त्याने एक शब्दही न बोलता दुसरा डबा काढला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण दाखवल्यावर त्याने हेका धरला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चारही चकत्या बसल्या. मेस्त्रींनी हब तारेच्या ब्रशने घासून पांढरे केले, कॉलरवर वंगणाचा पुसट हात फिरवला, टेकणारे पृष्ठभाग आणि आटे कोरडे ठेवले, आणि मी स्वतः टॉर्क रेंच धरला. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. मागून ती फार छान दिसत होती. बाजूने पाहताना मात्र काहीतरी अपुरे वाटले, आणि त्याला शब्द सापडायला मला दोन दिवस लागले. लहानपणी आमच्या गल्लीत तालीम होती. नवा मुलगा मातीत उतरला की वस्ताद त्याला पवित्रा घ्यायला शिकवत. पोरगा उत्साहाने पाय फाकवून उभा राही, पण गुडघे ताठच ठेवी, आणि वस्ताद मागून येऊन त्याच्या गुडघ्याच्या लवणीत हलकेच पाय लावत आणि म्हणत, ‘वाक, वाकल्याशिवाय काय उपयोग?’ माझ्या गाडीने पाय फाकले होते, गुडघे ताठ होते.

आकडेही त्या वस्तादांच्याच बाजूचे निघाले. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. हे सरकणे गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात आणि चाकोरीच्या व्यस्त प्रमाणात असते. पोलोची चाकोरी १४६० मिलिमीटरच्या आसपास आहे. तीस मिलिमीटर वाढले म्हणजे दोन टक्क्यांचा फरक पडला. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरहून थोडा वर धरला आणि तो तीस मिलिमीटर खाली आणला, तर फरक पाच-साडेपाच टक्क्यांचा होतो. उंची कमी करण्याचा परिणाम रुंदी वाढवण्याच्या अडीचपट. अर्थात गाडी खाली घेण्याचे स्वतःचे दोष आहेत. पुढच्या बाजूला सस्पेन्शनचे खालचे हात उलट्या कोनात जातात, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो, आणि मिळवलेले बरेचसे हातचे निसटते. तरीही वळणावर गाडी अधिक खंबीर झाल्याचा जो अनुभव स्पेसर लावणारे सांगतात, त्यातला मोठा वाटा पाहणाऱ्या डोळ्यांचा असतो असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. बेअरिंग लवकर जाते ही भीती जितकी सांगितली जाते तितकी मोठी नाही, पण ती खोटीही नाही. वळणावर टायरच्या तळाशी लागणारा आडवा जोर तीनशे मिलिमीटरच्या त्रिज्येतून बेअरिंगला पिळतो, त्यापुढे पंधरा मिलिमीटर लहान आहेत. मात्र सरळ रस्त्यावर, जिथे गाडी आयुष्याचा बहुतेक काळ घालवते, तिथे वजनाची रेषा बेअरिंगच्या मध्याजवळून जावी अशी आखणी मूळ अभियंत्यांनी केलेली असते, आणि स्पेसर ती रेषा कायमची बाहेर ढकलतो.

खरा धडा मिळाला तो जूनच्या अखेरीस, ताम्हिणीत. मुळशीकडून घाट उतरत होतो, पाऊस नुकताच थांबला होता. समोरून येणाऱ्या एसटीला वाट द्यायला मी डावीकडे घेतले, तेव्हा डावी दोन्ही चाके डांबर सोडून कडेच्या ओल्या खडीत उतरली आणि त्याच क्षणी मला ब्रेक दाबावा लागला. स्टिअरिंगने उजवीकडे हिसका दिला. वेग फार नव्हता, हात चाकावर घट्ट होते, काही झाले नाही; पण नऊ वर्षांत, याच रस्त्यावर, याच ऋतूत, या गाडीने असा हिसका कधी दिलेला नव्हता. शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, ‘बाबा, काय झालं?’ मी ‘काही नाही’ म्हणालो. माणगाव येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढेच चालू होते.

पुढचे चाक वळते ते एका तिरक्या रेषेभोवती. शॉकअपच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत ही रेषा जाते. चाकाला दार म्हटले तर ती रेषा म्हणजे त्याची बिजागरी. ती खाली वाढवत नेली तर जमिनीला कुठेतरी टेकते. टायरचा जमिनीवरचा ठसा या बिंदूच्या किती आत किंवा बाहेर आहे, या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बऱ्याच आधुनिक गाड्यांत ठशाचा मध्य या बिंदूच्या किंचित आत ठेवलेला असतो. याला ऋण स्क्रब म्हणतात. १९७२च्या ऑडी ८० या गाडीने ही मांडणी विशेष गाजवली, आणि तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. समजा, उजवे चाक कोरड्या डांबरावर आहे आणि डावे खडीत आहे. ब्रेक दाबल्यावर उजवे चाक जास्त धरते, म्हणून गाडी उजवीकडे वळू पाहते. ठसा बिजागरीच्या आत असेल तर तोच जोर उजव्या चाकाचा पुढचा भाग आत, म्हणजे डावीकडे वळवतो, आणि गाडी आपली आपणच सावरते. ठसा बिजागरीच्या बाहेर गेला तर तोच जोर चाक उजवीकडे वळवतो, आणि जी ओढ सावरायची तिच्यात भर घालतो. या गाड्यांचे ब्रेक तिरक्या जोडीने, म्हणजे एक पुढचे आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातले मागचे, असे बांधलेले असतात. एक नळी फुटली तर पुढचे एकच चाक ब्रेक लावते, आणि तेव्हाही गाडी सरळ राहावी म्हणून ही काळजी घेतलेली असते.

मी बारा मिलिमीटरच्या चकतीने तो ठसा बारा मिलिमीटर बाहेर सरकवला होता. बिजागरी जिथे होती तिथेच राहिली होती. म्हणजे कोणा अभियंत्याने ओल्या खडीसाठी, फुटलेल्या नळीसाठी, अशा एखाद्या वाईट क्षणासाठी राखून ठेवलेले काही मिलिमीटर मी दिसण्यासाठी खर्च केले होते. यात गाडी उंच आहे की बुटकी याचा काहीही संबंध नव्हता. गाडी खाली घेतली असती तरी हे घडले असते, नाही घेतली तरी घडले. उंचीला हात लावला नाही या समाधानात मी रुंदीचा हिशेब वेगळा मांडायला विसरलो होतो. कमी ईटीची नवी अलॉय चाके घेऊनही हेच झाले असते, फक्त एक जोड वाचला असता.

दापोलीहून परतल्यावर त्याच आठवड्यात मी पुढच्या चकत्या काढल्या. मागच्या राहू दिल्या, कारण मागची चाके वळत नाहीत, तिथे बिजागरीचा प्रश्न येत नाही. ताम्हिणीतून पुन्हा गेलो तेव्हा मुद्दाम रिकामा रस्ता पाहून डावी चाके खडीत घेतली आणि कमी वेगात ब्रेक दाबला. गाडी थरथरली, पण स्टिअरिंग शांत राहिले. हा एका माणसाचा, एका गाडीचा अनुभव आहे. रस्ता आणि ओल तंतोतंत सारखी नव्हती, हे मला मान्य आहे. तरी हातांना जे कळले ते कळले.

मग गणपती आले. आम्ही पाच जण, आईसाठी घेतलेली औषधे, नारळाचे पोते, मखराचे सामान, परतताना तांदूळ. एरवी मागे एकटा मुलगा बसतो; आता मागे तीन माणसे आणि डिकी गच्च भरलेली होती. महाडच्या पुढे एका खड्ड्यात मागचे डावे चाक आदळले आणि कमानीतून ‘खर्र’ असा आवाज आला. त्यानंतर तसाच आवाज आणखी दोनदा आला. घरी पोहोचल्यावर बॅटरी घेऊन पाहिले तर टायरच्या खांद्यावर एक चकाकती गोल रेघ उमटली होती, आणि पत्र्याच्या आतल्या घडीचा रंग बोटभर लांबीत उडाला होता.

ओळंबा मी मडगार्डच्या बाहेरच्या काठावरून सोडला होता. पण तो काठ आतल्या बाजूला दुमडलेला असतो, आणि ती घडी दहा-बारा मिलिमीटर आत येते. तिचा हिशेब मी धरलाच नव्हता. स्पेसरनंतर टायर काठापासून बारा मिलिमीटर आत उरला होता, म्हणजे बरोबर घडीच्या खाली. मोकळ्या गाडीत घडी आणि टायर यांच्यामध्ये पुष्कळ उभी जागा होती, आणि त्या जागेच्या भरवशावर मी निश्चिंत होतो. भरलेल्या गाडीत ती जागा नव्हती. माझ्या समजुतीचा उरलेला अर्धा भागही इथे गळून पडला. चाक कमानीत वर किती जाऊ शकते हे स्प्रिंगच्या उंचीवर ठरत नाही, ते बंप स्टॉपच्या, म्हणजे चाकाचे वर जाणे शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबरावर ठरते. आखूड स्प्रिंगा टाकलेल्या गाडीत आणि मूळ उंचीच्या गाडीत हे रबर तेच असले, तर चाकाची वरची हद्दही तीच असते. खाली घेतलेली गाडी तिथवर वारंवार पोहोचते, उंच गाडी क्वचित पोहोचते, एवढाच फरक. आणि ती क्वचित वेळ कोणती, तर जेव्हा गाडीत घरची सगळी माणसे बसलेली असतात.

कायद्याचा विचार मी उशिरा केला, तो आधी करायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम कडकपणे लावले. नोंदणीपुस्तकात चाकोरीची नोंद नसते, म्हणून स्पेसर चालतात, असा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मला पटत नाही. जिथे ही वस्तू सर्रास वापरली जाते त्या जर्मनीत चकतीबरोबर तपासणी संस्थेचा दाखला लागतो, कोणत्या गाडीवर, कोणत्या चाकाबरोबर, किती जाडी, हे त्यात लिहिलेले असते. शिवाय चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची रुंदी पत्र्याने झाकलेलीच असावी, असा युरोपातला नियम आहे. आपल्याकडे मनाई आहे, पण तपासणी नाही, आणि म्हणून लेथवर कातलेली कुठलीही चकती कुठल्याही गाडीवर चढते. भोसरीत माझ्या कामाच्या जागेपासून दोन गल्ल्यांवर ती दोन तासांत मिळते. ते कारागीर कुशल आहेत. त्यांना कोणी सहनमर्यादा, म्हणजे माप किती चुकले तर चालेल हे, लिहून दिली तर ते ती पाळतील. लिहून देणारेच कोणी नाही, ही माझी तक्रार आहे.

ऑक्टोबरमध्ये मी मागच्याही चकत्या काढायला घेतल्या. बोल्ट सुटले, चाक निघाले, पण चकती हबवरून हलेना. पोलादी हब, ॲल्युमिनियमची चकती आणि चार महिन्यांचे पावसाळी पाणी, एवढे एकत्र आले की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि ती सिमेंटसारखी पकडते. मेस्त्रींनी लाकडी ठोकळा लावून, चकती फिरवत फिरवत, चोहोबाजूंनी हलके ठोके दिले. वीस मिनिटांनी ती निघाली. हबची कॉलर पुन्हा घासली, मूळ २७ मिलिमीटरचे बोल्ट हाताने मोजून आत घातले, १२० वर आवळले. बाजूच्या दारांवर पावसाळाभर उडालेल्या चिखलाचे आणि बारीक खड्यांचे ठिपके मात्र तसेच राहिले आहेत; उघड्या पडलेल्या टायरने ते मारले. तेवढा रंग पुढच्या वर्षी लावून घेईन.

मागून पाहिले की मला अजूनही ते २७ मिलिमीटर खटकतात. आवड गेलेली नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही.

चारही चकत्या मी तेलाच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत. परवा खालच्या मजल्यावरचा मुलगा आला आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही काढल्यात तर मी लावू का? मी गाडी खाली नाही घेणार, नुसत्या चकत्याच लावणार.’ त्याच्या गाडीला चार बोल्ट आहेत, माझ्या चकत्यांना पाच भोके आहेत, त्यामुळे त्या त्याला बसणारच नाहीत हे मी त्याला सांगितले. तो दुसऱ्या आणेल, हेही मला माहीत आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळी त्याला गाडी घेऊन बोलावले आहे. येताना चार माणसे आणि डिकीत ठेवायला तांदळाची दोन पोती आण, असे सांगितले आहे. ओळंबा आणि पट्टी माझ्याकडे आहे, आणि या वेळी मोजायला सुरुवात आतल्या घडीपासून करायची आहे.